न दाखवलेल्या कागदांविरुद्धची वकिली

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यासाठी इंग्रजांनी ज्या कागदपत्रांचा आधार घेतला, ते कागद अस्सल होते की बनावट? हा प्रश्न घेऊन रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे काढली. आज ज्याला संशयित दस्तऐवजांची तपासणी म्हणतात, ती त्यांच्या धन्याच्या वाट्याला कधीच आली नाही. त्या न झालेल्या तपासणीची आणि तिच्यासाठी झिजलेल्या एका आयुष्याची ही कहाणी.

वैभववाडीहून करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट चढून गेले की कोल्हापूरचा मुलूख लागतो. सह्याद्रीतील अशा घाटवाटांनी तळकोकण आणि देश यांना शतकानुशतके जोडून ठेवले आहे. या वाटांनी मीठ आणि तांदूळ वर गेले, तसे निरोप आणि खलितेही गेले. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गोवा, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या टापूंतून असेच काही कागद इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती पडले. त्यांवर साताऱ्याच्या छत्रपतींचे शिक्के असल्याचे सांगितले गेले. त्या कागदांचे ओझे एका गादीला पेलवले नाही.

त्या गादीच्या बाजूने अखेरपर्यंत उभा राहिलेला माणूस म्हणजे रंगो बापूजी. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील हा मुत्सद्दी. शिवछत्रपतींना आरंभीच्या काळात साथ देणारे दादाजी नरसप्रभू हे त्यांचे पूर्वज. हिंदवी स्वराज्याचा उल्लेख असलेले १६४५ सालचे प्रसिद्ध पत्र याच दादाजींना लिहिलेले म्हणून ओळखले जाते आणि त्या पत्राच्या अस्सलतेविषयी इतिहाससंशोधकांत आजही मतभेद आहेत. कागद खरा की खोटा, हा प्रश्न जणू या घराण्याच्या पाठीशी लागलेला होता. पूर्वजाच्या बाबतीत तो अभ्यासकांच्या वादाचा विषय ठरला. वंशजाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर एका राज्याचे भवितव्य अवलंबून होते.

शिक्क्याचा धनी

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी तरुण प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. राज्य लहान होते आणि परराज्यांशी परस्पर पत्रव्यवहार करण्यास तहाने बंदी घातली होती. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ हा साताऱ्याची जुनी दप्तरे पाहतच मराठ्यांच्या इतिहासाकडे वळला आणि १८२६ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रतापसिंहांनी शाळा काढली, रस्ते आणि पाणीपुरवठ्याकडे लक्ष दिले. आरंभीची काही वर्षे कंपनीचे अधिकारी त्यांची वाखाणणीच करीत होते.

बेबनाव जहागिरींच्या हक्कावरून झाला. काही जहागिरींवर छत्रपतींचा वरिष्ठ हक्क चालतो की नाही, या प्रश्नात लंडनच्या संचालकांचा कौल छत्रपतींना अनुकूल होता. परंतु तो त्यांच्या पदरात पडला नाही. मुंबई सरकार आणि सातारा दरबार यांच्यातील मन दूषित झाले. दरबाराबाहेरच्या हितशत्रूंना, विशेषतः बाळाजीपंत नातू यांच्यासारख्या इंग्रजांच्या मर्जीतील माणसाला, ही संधी आयतीच मिळाली.

१८३६ साली आरोपांचे सत्र सुरू झाले. पहिला आरोप तेविसाव्या पलटणीतील हिंदी अधिकाऱ्यांना फितवण्याचा. दुसरा गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी इंग्रजांविरुद्ध संधान बांधल्याचा. तिसरा जोधपूरच्या आश्रयाला असलेल्या नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा. ऑक्टोबर १८३६ मध्ये साताऱ्यास एक गुप्त चौकशी समिती बसली. तीत रेसिडेंट लॉडविक, ओव्हान्स आणि मुंबई सरकारचा सचिव विलोबी होते. दिवाण गोविंदराव यांना अटक झाली. पुढे लॉडविक यांच्या जागी ओव्हान्सच रेसिडेंट झाले.

पहिल्या आरोपाचा भार तोंडी साक्षींवर होता. गोव्याच्या आरोपाचे स्वरूप मात्र वेगळे होते. तो मुख्यतः कागदांवर उभा होता.

गोव्याचे कागद

पोर्तुगीजांचा गोव्यातील प्रमुख डॉम मॅन्युएल द पोर्तुगाल ए कास्त्रू याच्याशी प्रतापसिंहांनी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि युरोपातून हजारो सैनिक आणवून इंग्रजांना घालवून देण्याचा बेत रचला, असे या आरोपाचे सार होते. मध्यस्थ म्हणून नागो देवराव आणि एर्कुलानु यांची नावे पुढे आली. काही कागद रेसिडेंट ओव्हान्स यांनी बाळकोबा केळकर नावाच्या इसमाकडून पैसे मोजून मिळवले. काही पुरावा वेंगुर्ले आणि सावंतवाडीकडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मार्फत आला.

ज्या काळातील हा बेत सांगितला गेला, त्या काळात १८२८ ते १८३४ पर्यंत पोर्तुगाल स्वतःच भावाभावांच्या यादवीत होरपळत होता. गोव्याची तिजोरी रिकामी होती. अशा देशाने साताऱ्यासाठी आरमार भरून फौज पाठवावी, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली. डॉम मॅन्युएल यांनीही या व्यवहाराचा इन्कार केला. परंतु एखादा बेत असंभाव्य असणे आणि त्याचा कागद खोटा असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. राजेही वेडे बेत करतात. कागदाचा निकाल कागदावरूनच लागावा लागतो. नेमके तेच येथे झाले नाही.

कागदाची पारख करायची तर प्रथम त्याची जात ओळखावी लागते. मराठी दरबाराचे पत्र राजा सहसा स्वतःच्या हाताने लिहीत नसे. चिटणीस किंवा कारकून मोडीत मजकूर लिही. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का उमटे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब होई, म्हणजे त्यापुढे कोणाला काही वाढवता येऊ नये. दप्तरातील नोंदी, तारखेचे शेरे, पाठीमागील खुणा यांवरून पत्राचा प्रवास कळे. म्हणून अशा पत्राला प्रश्नही तसेच विचारावे लागतात. हा हात दरबारातील कोणत्या कारकुनाचा? शिक्का कोणाच्या ताब्यात होता? पत्राची नोंद दप्तरात आहे काय? मायने, तारीख आणि शिक्क्याची जागा दरबाराच्या रिवाजाला धरून आहेत काय?

पैकी शिक्का हा सर्वांत भारदस्त आणि म्हणूनच सर्वांत फसवा पुरावा. सामान्य माणूस शिक्का पाहून मान तुकवतो. परंतु कुशल कारागिराला नमुना मिळाला तर तो दुसरा शिक्का कोरू शकतो. अस्सल शिक्क्याचे ठसे वर्षानुवर्षांच्या वापराने बदलत जातात. कडा झिजतात, एखाद्या अक्षराचा कोपरा उडतो, रेघ तुटते. ही झीज सालवार लावून दाखवता येते. एखाद्या सालच्या पत्रावर त्या सालच्या ठशातील दोष दिसत नसतील, तर शंकेला जागा राहते. साताऱ्याच्या दप्तरात त्याच वर्षांचे निर्विवाद कागद ढिगाने होते. तुलनेसाठी दूर जावे लागणार नव्हते.

हस्ताक्षराचेही तसेच. सवयीने लिहिणाऱ्याचा हात वेगाने आणि न थबकता चालतो. मोडीत तर आधी शिरोरेषा ओढून घेऊन तिच्याखाली बोरू फारसा न उचलता लिहीत जाण्याचीच रीत. अक्षरांची जोडणी, वळणांचे प्रमाण, ओळींतील अंतर, बोरूचा दाब यांत माणसाची ओळख दडलेली असते आणि ती त्याला स्वतःला ठाऊकही नसते. नक्कल करणारा अक्षर लिहीत नाही. तो चित्र काढतो. त्यामुळे रेघ मंदावते, थरथरते, नको तेथे बोरू उचलला जातो, काढलेल्या रेघेवर पुन्हा हात फिरतो. एकाच माणसाची दोन अस्सल अक्षरे कधी तंतोतंत एकसारखी नसतात. म्हणून एका नमुन्यावरून निकाल देता येत नाही. एकाच काळातले, एकाच प्रकारचे अनेक नमुने लागतात. शाई आणि कागदही बोलतात. काजळाची शाई कागदाच्या पृष्ठावर बसते, तर लोहयुक्त विलायती शाई कागदात मुरते आणि कालांतराने तपकिरी पडते. विलायती कागद उजेडासमोर धरला तर त्यातील पाणखुणेत कारखान्याचे नाव आणि कित्येकदा सालही दिसते. त्या सालाच्या आधीची तारीख मजकुरात असेल, तर वाद तेथेच संपतो.

या साऱ्यासाठी एकच अट असते. मूळ कागद समोर हवा. नक्कल, भाषांतर किंवा छापील प्रत यांतून मजकूर कळतो, पण हात कळत नाही.

गिरजाबाईंच्या नावाचा अर्ज

बनावटीचा प्रश्न प्रतापसिंहांच्या कैवाऱ्यांनी केवळ कल्पनेने उभा केला नव्हता. अटकेतील दिवाण गोविंदराव यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने सरकारकडे एक अर्ज आला होता. छत्रपतींच्या अपराधाला त्यातून दुजोरा मिळत असल्याने त्याला मोठे महत्त्व आले. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या इसमाने तो अर्ज आपण लिहिल्याचे कबूल केले. ही गोष्ट रेसिडेंट ओव्हान्स यांना कळूनही ती दीर्घकाळ दडवली गेली, हा आक्षेप पुढे लंडनमधील चर्चांत वारंवार घेतला गेला.

एक अर्ज परक्या हाताने लिहिला गेला, एवढ्याने बाकीचे सारे कागद खोटे ठरत नाहीत. पण एका पुडक्यातील एका कागदाविषयी अशी कबुली मिळाल्यावर बाकीचे कागद आरोपीला दाखवून, लेखकांना समोर बोलावून, उलटतपासणी करून पारखणे हा साधा न्याय होता. प्रतापसिंह तेवढेच मागत होते. आरोपांची उघड चौकशी करा, पुरावा दाखवा, मग निकाल द्या, ही त्यांची मागणी होती.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यास आला. त्याने वेगळाच तोडगा ठेवला. तहाचा भंग केल्याचे लेखी मान्य करावे, म्हणजे मागचे सारे माफ होईल आणि गादी टिकेल. प्रतापसिंहांनी नकार दिला. राज्य वाचवण्यासाठी एक सही पुरेशी होती. पण जे केले नाही ते केल्याचे लिहून देण्यास ते तयार नव्हते. सप्टेंबर १८३९ च्या आरंभी त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली. ज्यांच्या नावाचे इतके कागद खरे मानले गेले, त्यांनी हातून गेलेली एकमेव निर्णायक सही मात्र दिली नाही.

लंडनमधील वर्षे

१८४० मध्ये रंगो बापूजी छत्रपतींचे वकील म्हणून लंडनला पोहोचले. समुद्रापलीकडे जाणे धर्मबाह्य समजले जाण्याचा तो काळ. भाषा परकी, हवा परकी आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची, त्यांच्याच कचेरीच्या दारात उभे राहायचे. त्यांनी इंग्रजी आत्मसात केली. निवेदने छापली, कंपनीच्या भागधारकांना गाठले, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी घेतल्या. गुलामगिरीविरोधी चळवळीतील गाजलेले वक्ते जॉर्ज टॉमसन आणि पार्लमेंटमधील जोसेफ ह्यूम यांनी प्रतापसिंहांची बाजू उचलून धरली. त्याहून लक्षणीय म्हणजे, चौकशी समितीत स्वतः बसलेले माजी रेसिडेंट लॉडविक हेही लंडनमध्ये छत्रपतींच्या बाजूने उभे राहिले.

लीडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या मुख्य कचेरीत भागधारकांच्या सभांतून या प्रकरणावर लांबलचक वाद झाले. १८४० च्या दशकात साताऱ्याचे कागद छापून पार्लमेंटपुढेही ठेवले गेले. रंगो बापूजींच्या हाती आता छापील पुरावा आला आणि त्याबरोबरच त्यांची खरी अडचणही उघड झाली. छापले गेले ते इंग्रजी तरजुमे होते. मोडीतील वळण, शिक्क्याची कड, शाईचा रंग यांपैकी काहीच छापील पानावर उतरत नाही. हजारो मैलांवरच्या सभागृहात बसलेल्या माणसांनी एका राजाचे भवितव्य ठरवले, ते भाषांतरांच्या आधारे. अस्सल आणि बनावट या दोहोंचे इंग्रजी भाषांतर एकसारखेच सुबक दिसते.

बनावट कागद म्हणजे काय, हे कंपनीला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. १७५७ साली बंगालमध्ये अमीचंदला फसवण्यासाठी क्लाइव्हने तांबड्या कागदावर खोटा तह तयार करवला आणि त्यावर ॲडमिरल वॉटसनची सही दुसऱ्याच्या हातून घालवली. पुढे १७७५ साली त्याच बंगालमध्ये नंदकुमार यांना खोटे कर्जखत केल्याच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. त्या खटल्याच्या न्याय्यतेविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे; तरीही नंदकुमारांवर उघड न्यायालयात खटला चालला, साक्षीदार तपासले गेले. प्रतापसिंहांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

मतदानाची वेळ आली की भागधारकांच्या सभेत बहुमत संचालकांच्या बाजूने पडे. रंगो बापूजी हरत आणि पुन्हा नवे निवेदन लिहायला बसत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीस प्रतापसिंहांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८४८ मध्ये, आप्पासाहेबही वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि दत्तक नामंजूर करून खालसा झालेल्या संस्थानांच्या मालिकेत साताऱ्याचे नाव अग्रभागी आले. ज्या धन्याची वकिली करायची तो उरला नाही आणि ज्या राज्यासाठी करायची तेही उरले नाही. तरी रंगो बापूजी परतले नाहीत. प्रतापसिंहांच्या राण्या आणि दत्तक पुत्र यांच्या हक्कासाठी ते झगडत राहिले. पैसा संपत आला, मित्रांच्या मदतीवर आणि कर्जावर दिवस निघू लागले. अखेर १८५३ च्या शेवटी त्यांनी लंडन सोडले.

सत्तावन्न

चौदा वर्षे ज्याने अर्जांवर विश्वास ठेवला, तो माणूस साताऱ्यास परतला तेव्हा त्याचा अर्जांवरचा विश्वास उरला नव्हता. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटताच त्यांनी सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांत माणसे जमवण्यास आणि शिपायांशी संधान बांधण्यास सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वी आपल्या धन्यावर जो आरोप आला आणि जो नाकारण्यात त्यांचे उमेदीचे आयुष्य गेले, तेच कृत्य आता त्यांनी स्वतः उघड्या मनाने हाती घेतले. कट फुटला. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, परंतु ते हाती लागले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यातील गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता.

रंगो बापूजींचे पुढे काय झाले, याचा निश्चित पुरावा नाही. ठाण्याकडे ते वेषांतर करून निसटले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे आणि तेथील एका चौकाला त्यांचे नाव आहे. साताऱ्याच्या चारभिंतीच्या स्मारकात त्यांच्या पिढीच्या हौतात्म्याची आठवण जपली आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' या ग्रंथाने ही जोडी मराठी वाचकांच्या मनात पक्की केली.

उरलेला प्रश्न

रंगो बापूजी गेल्यानंतर कायदा हळूहळू त्यांच्या मागणीपाशी आला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने हस्ताक्षराविषयी तज्ज्ञाचे मत, ते अक्षर परिचयाचे असलेल्या माणसाची साक्ष आणि न्यायालयाने स्वतः निर्विवाद नमुन्याशी करायची तुलना, या तिन्ही वाटा मान्य केल्या. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या कायम आहेत. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत सावधपणे घ्यावे, शक्यतो इतर पुराव्याचा आधार पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. सूक्ष्मदर्शक आणि अतिनील किरणे आज प्रयोगशाळेत आहेत. तरी तज्ज्ञाचा पहिला आग्रह जुनाच आहे. मूळ कागद आणा आणि तुलनेचे नमुने आणा.

युरोपलाही हा धडा स्वस्तात मिळाला नाही. १८९४ साली फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस यांना एका बेनामी कागदावरील हस्ताक्षरावरून दोषी ठरवले गेले. त्यातही निर्णायक ठरली ती बचाव पक्षाला न दाखवलेली गुप्त कागदांची फाइल. ते अक्षर दुसऱ्याच अधिकाऱ्याचे होते. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले, कारण कागद अखेर उजेडात आले आणि अनेक डोळ्यांनी पाहिले. साताऱ्याच्या छत्रपतींना तो उजेड मिळाला नाही.

प्रतापसिंहांनी गोव्याकडे कधीच एखादा निरोप धाडला नसेल, असे ठामपणे सांगणे हा इतिहासाचा विषय आहे आणि त्यावर अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. रंगो बापूजींची लढाई त्याहून साध्या गोष्टीसाठी होती. ज्या कागदावरून माणसाला शिक्षा करायची, तो कागद आधी त्याच्यासमोर ठेवावा आणि त्याला बोलू द्यावे. तेवढी मागणी मान्य करायला साताऱ्याच्या वाड्यात एक दुपार पुरली असती. ती मिळावी म्हणून एका माणसाने लंडनच्या धुक्यात चौदा हिवाळे काढले, आणि तो रिकाम्या हातांनी परतला.